सताची तार आणि चार बाटल्या पाणी

आमच्या कारखान्यात त्या गुरुवारी इतकी माणसं होती की सुकायला ठेवलेल्या मूर्तींना धक्का लागू नये म्हणून दोघं जण हात पसरून उभे होते. जोहे गावची निम्मी आळी आत, उरलेली निम्मी खिडक्यांच्या गजांना लटकलेली. सगळ्यांचे डोळे मधल्या वाशाकडे.

वाशाला टांगली होती लाल दोऱ्याने गच्च गुंडाळलेली तार, दीड मीटर लांब. तारेच्या टोकाला पाण्याने भरलेली आमच्याच स्वयंपाकघरातली पितळी कळशी. आणि कळशीच्या बुडाखाली, बरोबर दोन बोटं अंतर सोडून, ओल्या कुंकवाचं ताट. ज्याची परीक्षा, त्याने समोर उभं राहायचं. महिपती महाराज त्याचं नाव घेणार, चेला जितेश कळशीखालचे हात हळूहळू काढून घेणार. कळशी जागची हलली नाही तर माणूस सतवान. खाली आली आणि बुडाला कुंकू लागलं, तर पापी.

"ही सताची तार," महाराज सांगत होते. आवाज असा की लग्नाच्या मांडवात माइक नसला तरी चालेल. "हिला आई नाय, बाप नाय, वशिला नाय. माणसात सत असंल तर तार लोखंड. सत गेलं, का लोखंडाचं मेण होतं. हात लावून बघा, मऊ लागंल."

दहा जणांची परीक्षा झाली होती आणि दहाही वेळा कळशी दगडासारखी स्थिर. मग त्यांनी समीक्षा वहिनीचं नाव घेतलं. जितेशने हात काढले आणि कळशी उतरायला लागली. धपकन नाही. लाजत लाजत, जशी नवरी जिना उतरते. सगळ्या कारखान्याने एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज मी ऐकला. बुडाला कुंकू लागलं. जितेशने कळशी फिरवून ते लाल बूड सगळ्यांना दाखवलं, आणि माझी आई मटकन खाली बसली.

आता मी कोण ते सांगते. मी भूमिका, अकरावी सायन्स, रोज मिनिडोर रिक्षाने पेणला जाते. हितेश माझा दादा. आमचे वडील, अण्णा, गेल्यापासून गणपतीचा कारखाना तोच चालवतो. समीक्षा वहिनी त्याची बायको आणि आमच्या कारखान्याचे डोळे. खरोखर डोळे, कारण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ती करते, आणि तिच्यासारखी आखणी हमरापूर-जोह्यात कोणाची नाही हे तिच्यावर जळणारेसुद्धा सांगतात.

महाराजांना दादाने बोलावलं होतं. दीड महिन्यात शाडूच्या एकोणीस मूर्ती बैठकीत, म्हणजे बुडाशी, चिरल्या. आमच्याकडे मूर्ती चिरणं म्हणजे नुसतं नुकसान नाही. ज्या घरात देव फुटतो त्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलायला लागतात. दादाची झोप उडाली. गडब गावच्या एका टपरीवाल्याने त्याला रोह्याच्या मठातल्या महाराजांचं नाव सांगितलं, आणि दादाने विचार न करता फोन लावला.

आणि मी? मी तोंड उघडलं. सहा महिन्यांपूर्वी वर्गात हजेरीला "येस मॅडम" म्हणतानासुद्धा मी नुसते ओठ हलवायचे. मग सायन्स प्रदर्शनात मी माइकवर बोलले, टाळ्या मिळाल्या, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही असं आईचं मत आहे. मी विचारलं, "महाराज, ही तार कुठल्या धातूची?"

महाराज हसले. म्हणाले, या पोरीचीही परीक्षा घेऊ. जितेशने शेजारच्या ताटातून, दर माणसाला काढत होता तशी, नवी लाल तार काढली, टांगली, माझं नाव घेतलं गेलं, आणि कळशी खाली आली. अगदी तशीच, लाजत लाजत. मी मागे वळून बघितलं तर ज्या बायका माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, त्यांच्या आणि माझ्यामध्ये एक अख्खी सतरंजी मावेल एवढी जागा झाली होती.

निकाल असा लागला. परीक्षेची तार प्रत्येकाने मनगटाला नऊ वेढे देऊन बांधायची, सतवानाने रक्षा म्हणून आणि पापिणीने बंधन म्हणून. गाठ सोडली तर घर बसलं. आम्हा दोघींची नजर ओल्या मूर्तींवर पडता कामा नये, म्हणून रविवारपर्यंत मुक्काम साच्यांच्या खोलीत. रविवारी वहिनीने महाराजांच्या जीपमधून रोह्याला मठात जायचं, एक वर्ष सेवेला. तिचं पाप तिच्या हातात उतरलंय, ते हात देवाच्या कामी लागले की धुऊन निघेल. माझं पाप कोवळं, ते उलट बोलणं सोडलं तर नऊ दिवसांत जाणार होतं. तोवर कॉलेज बंद. माझा फोन जितेशने आईकडे दिला, आणि आईने तो देवघरात ठेवला.

कडी वाजली. मग कुलूप.

साच्यांच्या खोलीला एकच खिडकी, गज असलेली, मागच्या भातशेताकडे उघडणारी. वर पत्रा. तिन्ही भिंतींना रबरी साचे टांगलेले, उलटे, आतून पोकळ, हात-पाय-सोंडांचे. त्या रबराला दुपारी असा वास सुटतो की डोकं दुखतं. एका कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, त्याच्याशेजारी रंग कालवायच्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या. आम्ही दोघी सतरंजीवर बसलो.

आत अडकल्याचं मला एवढं वाटत नव्हतं. अडकवलं होतं त्या नियमांनी. वहिनी रडली, तर बाहेर कोणीतरी म्हणालं, बघा, पाप बाहेर पडतंय. थोड्या वेळाने ती रडायची थांबली, तर तोच आवाज म्हणाला, पाप मुरलेलं हाय. मी दार वाजवलं तर अंगात आलंय, नाही वाजवलं तर कबूल आहे. कुठूनही गेलं तरी तोच कोपरा.

आणि खरं सांगू? पहिल्या संध्याकाळी मी माझी पापं मोजली. अकरा निघाली. त्यात एक बंक केलेलं प्रॅक्टिकल होतं आणि एक मैत्रिणीचं न परत केलेलं कानातलं. मला वाटलं, कोण जाणे, असेलही तारेला कळत.

वहिनीने मनगटाकडे बघत विचारलं, "माझ्यात खरंच काही असेल तर गो?"

नऊ वर्षं ती या घरात आहे. माझ्या दुसरीच्या दप्तरावर नाव तिने घातलं. तिने हे विचारलं आणि माझी भीती गेली. मी चिडले होते.

शुक्रवारी सकाळी कृष्णाबाई खिडकीशी आली. ही आमच्याकडे अण्णांच्या वेळेपासून माती मळते. महाराजांनी आमच्याशी बोलायला मनाई केली होती, पण भाकरी मुक्याने द्यायची हे तिला जमेना. आम्हाला धीर द्यायला म्हणून तिने सांगितलं की मठात काही वाईट नसतं. तिच्या बहिणीची पोर भाविका दोन वर्षांपूर्वी तारेत सापडली होती, हमरापूरच्या कारखान्यात रंगकाम करायची ती. एका वर्षासाठी गेली.

"अजून हाय तिकडं," कृष्णाबाई कौतुकाने म्हणाली. "सकाळपासून सांजपर्यंत डोळं आखते. साडेतीनशे गणपती झालं म्हणतात. मठाच्या शिक्क्यानं जातात पार ठाण्याला."

वहिनीने भाकरी खाली ठेवली. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तारेला सत कळत असेल नसेल, पण आखणी कोणाची चांगली हे महाराजांना चांगलं कळत होतं.

मी म्हटलं, आपण दोरा सोडून आत काय आहे ते बघू. वहिनीने नकारार्थी मान हलवली. ती माझ्यापेक्षा पुढचं बघत होती. आत लोखंड नसलं तर महाराज म्हणणार, बघा, मेण झालं, मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी उत्तर आधी देऊन ठेवलंय आणि प्रश्न नंतर विचारायला लावलाय. गाठ सोडल्याचं पाप वर.

बरोबर होतं. उघडून काही उपयोग नव्हता. न उघडता कळायला हवं होतं.

न उघडता वस्तू ओळखायची. मी दप्तर ओढलं. गुरुवारी कॉलेजातून थेट त्या गर्दीत आल्यामुळे ते खांद्यालाच होतं, आणि माझ्याबरोबरच कोंडलं गेलं होतं. फिजिक्सचं गाईड, कंपास, पट्टी. फिजिक्सच्या घरत मॅडमनी दिवाळीनंतर शिकवलेला धडा, ज्यात मी मागच्या बाकावर निम्मा वेळ मेंदी काढत होते. (पाप क्रमांक बारा.)

सांगते, सोपं आहे. तारेला वजन टांगलं की ती थोडीशी लांबते. लोखंडाचीसुद्धा. वजन तारेच्या जाडीवर वाटलं जातं. दर चौरस मिलिमीटरवर किती ओढा आला, तो स्ट्रेस. मूळ लांबीच्या मानाने ती किती ताणली गेली, तो स्ट्रेन. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की येतो त्या पदार्थाचा ताठपणा. घरत मॅडम म्हणाल्या होत्या, तार लांब घ्या, आखूड घ्या, जाड घ्या, बारीक घ्या, हा आकडा तोच येतो. तो त्या पदार्थाचा स्वभाव आहे. आणि पदार्थाचा म्हणजे पदार्थाचा. समोर कोण उभं आहे त्याचा नाही.

वजनाची काळजी नव्हती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच बाटल्या भरल्या, एक कापडी पिशवी घेतली.

पण तार हवी तर गाठ सोडायलाच हवी. माझी मी सोडली, दातांनी. घर बसलं नाही, मी पत्र्याकडे बघून खात्री केली. वहिनी बराच वेळ स्वतःच्या मनगटाशी खेळत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे वळवलं, इंजेक्शन घेताना वळवतात तसं. सतवान तार मात्र कृष्णाबाईकडे होती, गुरुवारच्या दहा जणांतली ती एक. दुपारी ती आली तेव्हा मागितली. तिने आधी कपाळाला हात लावला, मग इकडेतिकडे बघितलं, मग गजांतून मनगट आत घातलं. "सोड. पण सांजच्याला परत बांधून दे. माझा घो विचारील."

जाडी मोजायला मी तार पेन्सिलीवर दहा वेढे दाट गुंडाळली. सोळा मिलिमीटर. म्हणजे एका तारेची दीड आणि थोडी, दोऱ्यासकट. वहिनी म्हणाली, दोऱ्याची जाडी वजा कर ना, दोन्ही बाजूंची. तिचा हात केसाएवढ्या रेषा ओढणारा, तिला हे आधी सुचलं. टोकाचा सुटा दोरा वीस वेळा गुंडाळला, मोजला, वजा केला. आतली तार भरली एक मिलिमीटर. तिन्ही तारा सारख्याच.

आता टांगणं. पत्र्याखालच्या वाशाला बांधली, खूण ते खूण बरोबर एक मीटर वीस सेंटिमीटर. आधी एक बाटली, ती फक्त मनगटाचे वळसे सरळ व्हायला, मोजायची नाही. मग पट्टी भिंतीला चिकटवून खालच्या खुणेची जागा लिहून ठेवली. मग पिशवीत एकेक बाटली.

माझी तार: एका किलोला सहा मिलिमीटर उतरली. दोनला बारा. तीनला एकोणीस. चारला चोवीस.

वहिनीची: सहा, बारा, अठरा, पंचवीस.

मी वहीत भागाकार करत बसले. चार किलोचा ओढा साधारण एकोणचाळीस न्यूटन. तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, पाऊण चौरस मिलिमीटरहून जरा जास्त, भागला, पन्नास. स्ट्रेन, चोवीस भागिले बाराशे. ताठपणा आला अडीच हजार. वहिनीच्या तारेचाही जवळजवळ अडीच हजार.

"म्हणजे," वहिनी सावकाश म्हणाली, "माझं नऊ वर्षांचं लग्न आणि तुझं बंक केलेलं प्रॅक्टिकल, दोन्ही पापं एकाच मापाची?"

आणि ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. गुरुवारपासून पहिल्यांदा.

मग कृष्णाबाईची तार. ती आधीच वाकडीतिकडी राहिली होती, तर वहिनीने ड्रमच्या काठावर घासून सरळ केली, मूर्तीच्या हातात घालायची तार आम्ही करतो तशी. दोनदा वजन लावलं, उतरवलं, मग मोजलं. एक बाटली, काही नाही. दोन, तीन, काही नाही. चार बाटल्यांना खूण हलली असेल नसेल, पट्टीवर वाचता येईना. गाईडमधल्या तक्त्यात पोलादाचा ताठपणा याच मापात दोन लाख. अडीच हजाराच्या ऐंशी पट. आणि अडीच हजारच्या आसपास एकच नाव होतं, तक्त्याच्या तळाशी: नायलॉन.

लोखंडाचं मेण बिण काही झालं नव्हतं. आमच्या तारा जन्मल्या तेव्हापासूनच लोखंडाच्या नव्हत्या.

मी उड्या मारायच्या बेतात होते. वहिनी मात्र पुढे हिशेब करत होती. कळशी आपलीच, चार लिटरची, रिकामी असताना किलोभर. म्हणजे पाच किलो. आणि परीक्षेच्या वेळी तार दीड मीटरची. किती उतरली असेल? मी मांडलं. साडेसदतीस मिलिमीटर. तिने आपली दोन बोटं जोडून पट्टीवर ठेवली. पस्तीस.

ताट दोन बोटांवर होतं. कोणीतरी आमच्या आधी हेच गणित केलं होतं.

त्या रात्री मला छान झोप लागली आणि शनिवारी सकाळी उठल्यावर कळलं की गणित सुटलं होतं, कुलूप नाही. दादा खिडकीमागून जाताना मी हाक मारली. तो थांबला, पण पाठ करून. महाराजांनी बोलायला मना केलंय, एवढंच म्हणाला. मी गजांतून वही बाहेर काढली. त्याने बघितली नाही. त्याच्या पाठीकडे बघून वहिनी हळूच मला म्हणाली की चिरांचं कारण तिने त्याला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. माळ्यावर जास्त मूर्ती मावाव्यात म्हणून त्याने जुन्या सागाच्या फळ्या काढून प्लायच्या टाकल्या आणि मधले टेकू काढले. फळी मध्ये वाकते. ओली मूर्ती तिच्याबरोबर बसते, सुकताना ताठ होते आणि बैठकीत चिरते. त्याला वाटलं, बायको कामात खोट काढते.

तारा आदल्या संध्याकाळीच तिघींच्या मनगटांवर परत गेल्या होत्या. शनिवार इतका लांब होता की मी पत्र्याचे खिळे मोजले. वहिनीने तिची पिशवी भरली. दोन साड्या, ब्रशचा डबा. ब्रश न्यायला महाराजांनी खास सांगितलं होतं.

रविवारी दुपारी जीप आली. आमच्यामुळे महाराजांचं नाव झालं होतं. आळीतल्या आणखी तीन कारखान्यांनी परीक्षा मागितली होती. म्हणून पुन्हा तीच गर्दी, तोच वासा, तीच कळशी आणि नव्या वीस लाल तारांचं ताट. आमचं कुलूप उघडलं. उजेडाने डोळे दिपले. आईने वहिनीच्या हातात नारळ दिला आणि तिच्याकडे न बघता बाजूला झाली. वहिनी जीपच्या दिशेने चालायला लागली.

माइक नव्हता, टाळ्या तर नव्हत्याच. मी ताटासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "महाराज, या तारा अजून कोणाच्या नावाच्या नाहीत ना?"

महाराज म्हणाले, नाहीत, शुद्ध आहेत, आणि तू लांब हो, तुझ्या तोंडून पाप बोलतंय.

"मी हात लावत नाही. दादाला लावू द्या. तो सतवान ठरलाय, तुमच्याच तारेने."

गर्दीत कोणीतरी म्हणालं, व्हय, लावूं दे की. दादा हलला नाही. त्याचं तोंड पुढे खड्डा आणि मागे बैल असलेल्या माणसासारखं झालं होतं. तेव्हा जीपजवळून वहिनी बोलली, मोठ्याने नाही.

"अहो, तुम्ही रोज मूर्तीच्या हातात तार घालता. माझं ऐकू नका. हाताला विचारा."

दादा ताटाजवळ आला. एक तार उचलली, बोटांत वाकवली. वाकली तशी राहिली. ती उजवीकडे ठेवली. दुसरी वाकवली, तशीच. तिसरी वाकवली आणि सोडली, तर ती सळकन परत सरळ झाली. त्याने ती पुन्हा वाकवली. पुन्हा सरळ. ती त्याने डावीकडे ठेवली. मग तो नुसता वाकवत आणि ठेवत गेला, आणि जितेश एकदा ताटाकडे आणि एकदा जीपकडे बघत राहिला. शेवटी उजवीकडे चौदा होत्या. डावीकडे सहा.

एकाचंही नाव घेतलं गेलं नव्हतं, आणि सहा पापी ताटात आधीच तयार होते.

महाराज तयारीचे. म्हणाले, पापी गर्दीत उभे आहेत, त्यांच्या सावलीने तारा मऊ पडल्या. आणि लोक चुळबुळले, एकमेकांकडे बघायला लागले, पुन्हा ती सतरंजीएवढी जागा माणसामाणसांत पडायला लागली. मला वाटलं, संपलं. हा माणूस काहीही झालं तरी बरोबरच.

मी खडू घेतला आणि फळ्यावर, जिथे दादा ऑर्डरी लिहितो तिथे, मोठ्याने वाचत लिहिलं: डावीकडची कुठलीही तार, समोर कोणीही उभं राहो, साडेसदतीस मिलिमीटर, एखादा इकडेतिकडे. उजवीकडची, समोर कोणीही, शून्य. "आता महाराजांनी स्वतः डावीकडच्या तारेसमोर उभं राहावं. त्यांच्याएवढं सत कोणाचं?"

महाराज म्हणाले, गुरूची परीक्षा घेत नसतात.

"मग माझी घ्या," कृष्णाबाई म्हणाली. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. तिचा महाराजांवर विश्वास होता, आणि स्वतःवरही. "मी सतवान हाय. गुरुवारी समद्यांनी बघितलं."

दादाने स्वतः तार बांधली, स्वतः कळशी लावली, मी पट्टी धरली. कृष्णाबाईचं नाव दादानेच घेतलं. कळशी उतरली. अडतीस. बुडाला कुंकू. मग उजवीकडची तार, आणि समोर दादाने वहिनीला हात धरून आणून उभं केलं, जीपजवळून, सगळ्यांसमोर. कळशी हलली नाही.

खाडीवर मासेमारी करणारे दाजी पुढे आले, त्यांनी डावीकडची तार घेतली आणि कोयत्याच्या टोकाने दोरा कापला. आत पांढरं, चकचकीत. त्यांनी ते नखाने खरवडून बघितलं.

"हा तंगूस हाय, महाराज," ते म्हणाले. "आमी गळाला हाच बांधून जिताडं धरतो."

पहिलं कोण हसलं माहीत नाही. पण सगळे हसले नाहीत, हे मी लिहून ठेवते. काही बायका हात जोडूनच उभ्या होत्या, आणि एकाने मला ऐकू जाईल असं म्हटलं की पोरगी फार शेफारली. महाराज जीपमध्ये बसले तेव्हा त्यांना कोणी अडवलं नाही. जितेश ताट विसरला.

मग दादाने विचारलं, मग चिरा कशाने. मी सुतळी घेतली, वहिनीने दुसरं टोक धरलं, आणि माळ्यावरच्या फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरली. मध्ये सुतळी आणि फळी यांच्यात बोटभर अंतर. चिरलेल्या एकोणीसपैकी सतरा मूर्ती मधल्या होत्या. तारेला लागतं तेच गणित फळीला लागतं: जास्त भार, जास्त लांबी, कमी ताठपणा, तर जास्त वाक. दादा सुतळीकडे बघत उभा राहिला. समीक्षा मला महिन्यापूर्वी हेच म्हणाली होती, तो स्वतःशीच म्हणाला.

कृष्णाबाई साच्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. तिच्या बहिणीच्या पोरीला तिनेच समजावून पाठवलं होतं, तिनेच. ती रडत नव्हती, नुसती मनगट चोळत होती. वहिनी तिच्याजवळ गेली. मग वळून दादाला म्हणाली की उद्या मी रोह्याला जाणार आहे. दादा म्हणाला, आता कशाला, झालं की सगळं. ती म्हणाली, "माझं झालं. भाविकाचं नाय झालं."

सोमवारी आम्ही आधी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, मग दादाच्या टेम्पोने रोह्याला गेलो. मठाच्या मागच्या पडवीत ओळीने मूर्ती होत्या आणि ओळीच्या शेवटी भाविका, हातात ब्रश. कृष्णाबाईला बघून तिने पहिल्यांदा विचारलं, माझं पाप फिटलं का गो मावशी. कृष्णाबाईने तिच्या हातातला ब्रश काढून खाली ठेवला. पाप तुझं नव्हतंच, चूक माझी व्हती, चल घरी, एवढंच ती म्हणाली.

मी देवाशी भांडत नाही. आमच्या घरात या घटकेला आठशे गणपती आहेत आणि मी जाता-येता त्यांना नमस्कार करते. पण कोणी एखादी तार, नारळ, लिंबू, काहीही पुढे करून तुमच्या घरातल्या माणसाला दोषी ठरवत असेल, तर त्या वस्तूला आधी पट्टी लावा. कशाची आहे, किती जाड, किती लांब, किती वजन. दुसऱ्या माणसाला उभं करून परत करून बघा. एवढं विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या जीपमध्ये आपलं माणूस बसवू नका.